गुगलची मोफत जाहिरात आणि सामाजिक संस्था: खातं उघडण्यापासून टिकवण्यापर्यंत

लातूरहून कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला निघालेल्या कुटुंबात कोणीतरी आदल्या रात्री मोबाईलवर शोधतं: ‘टाटा हॉस्पिटलजवळ राहण्याची सोय’. समोर येतात लॉजच्या जाहिराती, हॉटेल बुकिंगच्या साईट आणि एजंटांचे नंबर. परळमध्ये रुग्ण-नातेवाइकांसाठी अल्प दरात खोल्या चालवणारी संस्था तिथून चालत दहा मिनिटांवर असते, पण शोधात ती तिसऱ्या पानावर जाते. ही दरी भरून काढायला गुगलची ‘ॲड ग्रँट्स’ योजना फार उपयोगी आहे. २००३ पासून चालू असलेल्या या योजनेत पात्र संस्थेला दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या शोध-जाहिराती मोफत मिळतात. हातात पैसे मिळत नाहीत, तेवढ्या किमतीची जाहिरात मिळते. न वापरलेली रक्कम पुढच्या महिन्यात जमा होत नाही.

पुढे सगळीकडे उदाहरण अशाच एका संस्थेचं धरलं आहे: परळ भागात बाहेरगावच्या कॅन्सर रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी निवास चालवणारी संस्था. तुमचं काम वाचनालयाचं, बियाणे-संवर्धनाचं किंवा कायदेशीर सल्ल्याचं असलं तरी रीत तीच.

आधी मर्यादा नीट समजून घ्या

या जाहिराती फक्त अक्षरांच्या असतात आणि गुगलच्या शोधपानावरच दिसतात. यूट्यूबवर किंवा इतर वेबसाईटवर चित्रांच्या जाहिराती यातून येत नाहीत. पैसे भरणाऱ्या जाहिरातदारांच्या खाली यांची जागा असते. म्हणून ‘मुंबई हॉटेल’ किंवा ‘हेल्थ इन्शुरन्स’ अशा शब्दांवर भांडण्यात अर्थ नाही. तिथे वरची जागा कंपन्यांनी कधीच भरलेली असते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. शोध-जाहिरात मागणी तयार करत नाही, असलेल्या मागणीपर्यंत पोचवते. तुमच्या कामाचं नावच कोणाला ठाऊक नसेल, तर तो विषय कोणी शोधणार नाही आणि जाहिरात दिसणारही नाही. त्यामुळे ‘आमची माहिती सगळ्यांपर्यंत जावी’ या हेतूने खातं उघडलं की निराशा ठरलेली. लोक आज काय विचारत आहेत आणि त्यातल्या कोणत्या प्रश्नांचं खरं उत्तर आपल्याकडे आहे, इथून सुरुवात करा. महिन्याला १०,००० डॉलर पूर्ण खर्च होणं हे उद्दिष्ट ठेवूच नका. मराठीत आणि एका शहरापुरतं काम करणाऱ्या संस्थेचा तेवढा खर्च सहसा होत नाही, आणि त्यात काही कमीपणा नाही. महिन्याला दीडशे योग्य कुटुंबांचे फोन आले तर खातं उत्तम चाललं आहे.

पात्रता आणि कागद

ॲड ग्रँट्ससाठी थेट अर्ज होत नाही. आधी ‘गुगल फॉर नॉनप्रॉफिट्स’मध्ये संस्थेची नोंद करावी लागते. संस्थेची पडताळणी गुगलच्या वतीने ‘गुडस्टॅक’ ही कंपनी करते. सरकारी कार्यालयं, रुग्णालयं आणि आरोग्यसेवा देणाऱ्या संस्था, शाळा-महाविद्यालयं आणि विद्यापीठं यांना ही योजना लागू नाही. आपल्या उदाहरणातली संस्था रुग्णांसाठी असली तरी ती निवास देते, उपचार करत नाही. एकच ट्रस्ट दवाखाना आणि धर्मशाळा दोन्ही चालवत असेल तर मात्र अर्जात अडचण येऊ शकते. अशा वेळी कामाचं वर्णन जे आहे तेच आणि स्पष्ट लिहा. रंगवून लिहिलेलं पडताळणीत टिकत नाही.

महाराष्ट्रातल्या संस्थेने हाताशी ठेवायचे कागद: धर्मादाय आयुक्त कार्यालयाचं नोंदणी प्रमाणपत्र (१९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालचं), सोसायटी असेल तर १८६० च्या कायद्याखालचं प्रमाणपत्र, कलम ८ ची कंपनी असेल तर तिचे कागद, पॅन, आणि आयकर विभागाची १२ए व ८०जी (करसवलतीची) नोंदणी.

अर्ज सर्वांत जास्त अडतो तो नावाच्या स्पेलिंगवर. जुन्या नोंदणी प्रमाणपत्रावर नाव मराठीत, पॅनवर रोमन लिपीत, बँकेत तिसऱ्याच पद्धतीने. ‘संस्था’ शब्दात एका कागदावर एन, दुसऱ्यावर एम. ‘मंडळ’च्या शेवटी कुठे एल, कुठे एलए. अर्जात पॅनवरचं नाव अक्षर न बदलता लिहा, आणि वेबसाईटच्या ‘आमच्याविषयी’ पानावर तेच पूर्ण नाव नोंदणी क्रमांकासह ठेवा. पडताळणारा माणूस मराठी वाचणारा असेलच असं नाही. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडलेलं बरं.

अर्ज करताना ईमेल संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवरचा वापरा, एखाद्या कार्यकर्त्याचा खाजगी नको. तो कार्यकर्ता उद्या गाव सोडून गेला की खात्याची किल्ली त्याच्यासोबत जाते. पडताळणी झाली की नॉनप्रॉफिट्स खात्यातून ॲड ग्रँट्स सुरू करण्याची विनंती पाठवायची. मंजुरीनंतर ईमेलवर आमंत्रण येतं, ते स्वीकारायचं. या सगळ्या प्रवासात कुठेही क्रेडिट कार्डाचा तपशील भरायचा नाही. भरावा लागतो आहे असं दिसलं, तर तुम्ही चुकून नेहमीचं, पैशाचं जाहिरात-खातं उघडत आहात. तिथेच थांबा.

वेबसाईट: निम्मं काम इथे

वेबसाईट संस्थेच्या मालकीच्या डोमेनवर हवी, सुरक्षित जोडणीची हवी, आणि तिच्यावर इतरांच्या जाहिराती नकोत. फेसबुक पान किंवा फुकट ब्लॉगचा पत्ता चालत नाही. एवढं पाळूनही अनेक मराठी साईट जाहिरातीसाठी निकामी असतात, त्याची दोन कारणं वारंवार दिसतात.

पहिलं, मजकूर चित्रात असणं. संस्थेचं माहितीपत्रक स्कॅन करून साईटवर टाकलेलं असतं. माणसाला वाचता येतं, पण गुगलला त्या पानावर जवळपास काहीच मजकूर दिसत नाही. दुसरं, जुने फॉन्ट. श्री-लिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर युनिकोड (कुठल्याही संगणकावर आणि मोबाईलवर सारखीच वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसतो. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर पान ठीक दिसतं, पण आत मजकूर रोमन अक्षरांच्या खिचडीचा असतो. तपासायची सोपी रीत: साईटवरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवा. तिथे मराठी उमटली तर युनिकोड आहे. नसेल तर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय जाहिरातीकडे वळू नका.

मग प्रत्येक प्रश्नाला एक पान. निवासाची मागणी करणाऱ्याला मुखपृष्ठावर, म्हणजे अध्यक्षांच्या मनोगतावर आणून सोडू नका. निवासाच्या पानावर हे असावं: रुग्णालयापासूनचं अंतर आणि चालत लागणारा वेळ, रोजचा दर, रुग्णासोबत किती जणांना मुभा, कोणते कागद लागतात (रुग्णालयाचा फाईल क्रमांक, डॉक्टरांचं पत्र, आधार), किती दिवस राहता येतं, जेवणाची किंवा स्वयंपाकाची सोय, जागा कशी मिळते आणि प्रतीक्षा यादी आहे का. फोन नंबर वरच हवा, दाबला की लागणारा. फोन कोणत्या वेळेत उचलला जातो तेही लिहा. जागा भरलेली असेल तर काय करायचं, जवळच्या दुसऱ्या सोयी कोणत्या, हेही त्याच पानावर द्या. जागा नसल्याचं मुंबईत पोचल्यावर कळणं त्या कुटुंबाला फार महागात पडतं. गाडी पकडायच्या आधी कळलं तर त्यांचे दोन दिवस वाचतात.

मोजमाप आधी, जाहिरात नंतर

ॲड ग्रँट्सच्या नियमांनुसार खात्यात खऱ्या कृतीची मोजणी, म्हणजे ‘कन्व्हर्जन ट्रॅकिंग’, चालू असावी लागते आणि महिन्याला किमान एक कृती नोंदली जावी लागते. मुखपृष्ठ उघडलं याला कृती म्हणता येत नाही. आपल्या उदाहरणात अर्थपूर्ण कृती तीन: फोन नंबरवर दाबणं, व्हॉट्सॲपच्या दुव्यावर दाबणं, आणि निवासाचा अर्ज पाठवणं.

गुगल टॅग मॅनेजर (साईटवर मोजणीचे तुकडे, म्हणजे ‘टॅग’, बसवण्याचं साधन) आणि ॲनालिटिक्स ४ (साईटवर कोण काय करतं याची नोंद ठेवणारं साधन) वापरून ही मांडणी अशी होते:

१. टॅग मॅनेजरमध्ये दुव्यावरच्या क्लिकचा ट्रिगर (टॅग कधी चालावा याची अट) करा. अट: क्लिक झालेला पत्ता ‘टेल’ आणि कोलनने (:) सुरू होतो. व्हॉट्सॲपसाठी दुसरा ट्रिगर, अट: पत्त्यात ‘डब्ल्यूए डॉट एमई’ आहे.
२. प्रत्येक ट्रिगरला ॲनालिटिक्सच्या इव्हेंटचा टॅग जोडा. नावं वेगवेगळी ठेवा, नाहीतर फोन कुठला आणि व्हॉट्सॲप कुठलं हे पुढे उमगत नाही.
३. अर्जासाठी ‘धन्यवाद’ असं वेगळं पान ठेवा आणि ते उघडणं हीच नोंद धरा. ‘पाठवा’ बटणावरच्या क्लिकवर विसंबू नका. अर्धवट भरलेला अर्जही त्यात मोजला जातो.
४. ॲनालिटिक्समध्ये या इव्हेंटना ‘की इव्हेंट’ ठरवा, दोन्ही खाती जोडा आणि जाहिरात-खात्यात त्यांना कन्व्हर्जन म्हणून आणा.
५. मोजणी ‘एक’ अशी ठेवा, ‘प्रत्येक’ नको. लाईन लागत नाही म्हणून घाबरलेला माणूस पाच वेळा नंबर दाबतो. ते पाच रुग्ण नव्हेत.

प्रीव्ह्यू लावून स्वतःच्या मोबाईलवरून नंबर दाबून बघा, मगच टॅग प्रकाशित करा. हा टप्पा गाळला की पुढचं सगळं बिघडतं, कारण बोली (एका क्लिकसाठी किती रक्कम लावायची ते) लावण्याचं काम यंत्र करतं आणि त्याला कोणता माणूस कामाचा, हे फक्त या नोंदींवरून कळतं. ‘पानावर तीस सेकंद थांबला’ हीच मुख्य कृती मानली, तर यंत्र तीस सेकंद थांबणारे लोक आणून देईल, खोली हवी असलेले नव्हे.

मोहिमांची मांडणी

दिवसाची मर्यादा ३२९ डॉलर असते. उदाहरणातल्या संस्थेसाठी तीन मोहिमा पुरतात: निवास (२०० डॉलर), उपचारांच्या मदतीची माहिती (८०), देणगी आणि स्वयंसेवा (४९). प्रत्येक मोहिमेत किमान दोन ॲड ग्रुप (एका विषयाचे कीवर्ड आणि जाहिराती यांचा गट) आणि खात्यात किमान दोन साईटलिंक (जाहिरातीखाली दिसणारे जादा दुवे) हव्यातच. तो नियम आहे.

मोहीम करताना ‘सर्च’ निवडा आणि ‘डिस्प्ले नेटवर्क’ची (इतर वेबसाईटवरच्या जाहिरातींची) खूण काढा. बोलीसाठी ‘मॅक्सिमाइझ कन्व्हर्जन्स’ घ्या. २२ एप्रिल २०१९ नंतर उघडलेल्या खात्यांना कन्व्हर्जनवर आधारित स्वयंचलित बोलीच वापरावी लागते. तिचा फायदाही आहे: हाताने बोली लावली तर एका क्लिकला २ डॉलरची कमाल मर्यादा असते, ती इथे लागत नाही. पण मग क्लिक महाग होऊ शकतो. एका क्लिकला १० डॉलर पडू लागले तर ३२९ डॉलरमध्ये जेमतेम ३२ क्लिक बसतात. सरासरी दराच्या रकान्यावर लक्ष ठेवा. ‘टार्गेट सीपीए’ (एका कृतीमागे किती खर्च चालेल याची मर्यादा) पहिल्याच आठवड्यात लावू नका. नोंदी नसताना मर्यादा घातली की जाहिरात दिसायचीच थांबते.

ठिकाणाच्या बाबतीत बऱ्याच संस्थांची गफलत होते. संस्था मुंबईत आहे म्हणून जाहिरात मुंबईत लावली जाते. पण निवास शोधणारा माणूस तेव्हा लातूरला, अकोल्याला, पाटण्याला किंवा कोलकात्याला बसलेला असतो. त्यामुळे निवासाच्या मोहिमेत महाराष्ट्र आणि जिथून रुग्ण येतात ती राज्यं निवडा, आणि पर्याय ‘प्रत्यक्ष तिथे असलेले लोक’ असा ठेवा. कुठली राज्यं, हे तुमच्या नोंदवहीत आहे: गेल्या वर्षीच्या रुग्णांचे पत्ते काढून मोजा. याउलट स्वयंसेवकांची मोहीम मुंबई-ठाण्यापुरतीच हवी. नागपूरच्या कॉलेजकुमाराला शनिवारी परळला बोलावून उपयोग नाही.

भाषेच्या रकान्यात फक्त मराठी निवडू नका. मराठी बोलणाऱ्या पुष्कळ लोकांच्या मोबाईलची भाषा इंग्रजीच असते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही ठेवा. बंगालमधून रुग्ण येत असतील तर बंगाली पान आणि बंगाली जाहिरात असा वेगळा ॲड ग्रुप करा. मराठी पानावर त्यांना आणू नका.

कीवर्ड: मराठीत हे काम वेगळं आहे

कीवर्ड म्हणजे ज्या शोधावर आपली जाहिरात दिसावी ते शब्द. एकशब्दी कीवर्डना ॲड ग्रँट्समध्ये बंदी आहे. अपवाद संस्थेच्या स्वतःच्या नावाचा आणि गुगलने मान्य केलेल्या काही शब्दांचा, ज्यात काही आजारांची नावं येतात. ‘मोफत मदत’ किंवा ‘आजच्या बातम्या’ असे भोंगळ कीवर्डही चालत नाहीत. मराठीत अडचण अशी की विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत चार शब्दांचा होणारा शोध मराठीत दोन शब्दांत मावतो, आणि ‘धर्मशाळा’ किंवा ‘कॅन्सरग्रस्तांसाठी’ हा नियमाच्या नजरेत एकच शब्द ठरतो. त्याला जोड द्या: ‘परळ धर्मशाळा’, ‘कॅन्सर रुग्णांसाठी धर्मशाळा’.

लोक मराठी तीन प्रकारे शोधतात: देवनागरीत (यात बोलून केलेला शोध बराच), रोमन लिपीत मराठी, आणि मोडक्या इंग्रजीत. तिन्ही घ्या. रोमन लिपीतल्या मराठीचं एक ठरलेलं स्पेलिंग नसतं. ‘राहण्याची’ हा शब्द ए एक की दोन, एच आहे की नाही, यावरून चार-पाच प्रकारे लिहिला जातो. सगळी रूपं स्वतः सुचवत बसण्यापेक्षा दोन-तीन रूपं टाका आणि ‘सर्च टर्म्स’ अहवालात लोकांनी खरं काय टाईप केलं ते पाहून भर घाला. शब्दही लोकांचेच वापरा. माहितीपत्रकात ‘कर्करोग’ असेल, पण शोधताना लोक ‘कॅन्सर’ लिहितात. ‘निवासव्यवस्था’ क्वचित, ‘राहण्याची सोय’ नेहमी. ‘टाटा मेमोरियल’ कमी, ‘टाटा हॉस्पिटल’ जास्त.

सुरुवातीला ‘फ्रेज’ (शोधात कीवर्डचा अर्थ असावा) आणि ‘एक्झॅक्ट’ (शोधाचा अर्थ कीवर्डइतकाच असावा) जुळणी वापरा. ‘ब्रॉड’ (विषयाशी दूरचा संबंध असलेले शोधही धरणारी) जुळणी नव्या खात्यात काहीही ओढून आणते आणि क्लिकचं प्रमाण खाली जातं.

नको असलेले शब्द, म्हणजे ‘निगेटिव्ह कीवर्ड’, पहिल्या दिवसापासून टाका. टाटा हॉस्पिटलच्या शोधात नोकरभरती, पगार, निकाल, इंटर्नशिप, नर्सिंग प्रवेश हे सगळं येतं. आणि इथे मराठीची खोच आहे: निगेटिव्ह कीवर्ड शब्दाची इतर रूपं आपोआप धरत नाही. ‘नोकरी’ रोखलं म्हणून ‘नोकऱ्या’, ‘नोकरीची’, ‘नोकरीसाठी’ रोखले जात नाहीत. प्रत्येक रूप वेगळं लिहावं लागतं. एका शब्दाची पाच-सहा रूपं, अशी पन्नास शब्दांची यादी एकदा करून सगळ्या मोहिमांना जोडली की निम्मा कचरा जातो.

जाहिरातीचा मजकूर

एका ‘रिस्पॉन्सिव्ह’ जाहिरातीत (जिची शीर्षकं आणि वर्णनं गुगल स्वतः जुळवून दाखवतं) १५ पर्यंत शीर्षकं (प्रत्येकी ३० अक्षरं) आणि ४ पर्यंत वर्णनं (प्रत्येकी ९० अक्षरं) देता येतात. किमान तीन शीर्षकं आणि दोन वर्णनं लागतात. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि हलंत हे प्रत्येकी एक अक्षर मोजले जातात, त्यामुळे डोळ्यांना छोटं वाटणारं शीर्षकही बसत नाही. ‘कर्करोगग्रस्त रुग्णांसाठी निवास’ उच्चारायला सोपं आहे, पण मोजलं तर ३१ भरतं आणि खोका लाल होतो. ‘कॅन्सर रुग्णांसाठी धर्मशाळा’ २७ मध्ये बसतं, आणि लोक शोधतातही तसंच. जोडाक्षर कमी असलेला शब्द निवडला की जागा मिळते: ‘परळजवळ राहण्याची सोय’ २० मध्ये, ‘रुग्णासोबत दोघांना जागा’ २३ मध्ये.

शीर्षकांत माहिती द्या, विशेषणं नकोत. ‘सेवा हाच धर्म’ वाचून कोणी दाबत नाही. रोजचा दर, अंतर, फोनची वेळ वाचून दाबतात. पंधरा शीर्षकं भरण्यासाठी एकच गोष्ट फिरवून लिहू नका. दर, अंतर, कागद, सोबतच्यांची संख्या, जेवण, भाषा, प्रतीक्षा यादी: प्रत्येकावर एक शीर्षक सहज होतं.

रुग्णालयाचं नाव जाहिरातीच्या मजकुरात वापरताना सांभाळा. आपण त्या रुग्णालयाचा भाग आहोत असा समज होईल अशी रचना टाळा; तो दिशाभुलीचा प्रकार ठरतो आणि वाचणाऱ्यावरही अन्याय होतो. हीच काळजी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनांच्या पानाबाबत घ्या. माहिती द्या, पात्रतेचे कागद सांगा, अधिकृत साईटचा दुवा द्या. पण ‘इथे नोंदणी करा’ असं लिहू नका.

साईटलिंकचा मजकूर २५ अक्षरांत: ‘लागणारे कागद’, ‘पत्ता आणि नकाशा’, ‘अर्ज करा’. चार-सहा ठेवा आणि प्रत्येक वेगळ्या पानावर न्या.

देणगीची मोहीम जपून

देणगी मागणाऱ्या पानावर नोंदणी क्रमांक आणि ८०जीचा तपशील ठळक हवा. गुगलच्या धोरणातही करसवलतीचा दर्जा दाखवण्याची अट आहे. मार्चमध्ये करबचतीचे शोध वाढतात, म्हणून हे पान फेब्रुवारीतच तयार ठेवा.

परदेशातल्या मराठी माणसांपर्यंत जाहिरात नेण्याचा मोह होतो. त्याआधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, पाहा. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला ही नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावा लागतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी ठरत नाही. पण न्यू जर्सीतला मराठी माणूस अमेरिकेचा नागरिक झालेला असेल तर ठरते. जाहिरातीला हा फरक कळत नाही. नोंदणी नसेल तर देणगीची मोहीम भारतापुरती ठेवा आणि अर्जात नागरिकत्वाचा प्रश्न विचारा.

पाच टक्क्यांचा नियम

पूर्ण खात्याचं क्लिकचं प्रमाण, म्हणजे सीटीआर, दर महिन्याला ५ टक्के किंवा जास्त हवं. सलग दोन महिने खाली गेलं तर खातं बंद होऊ शकतं. हे प्रमाण सांभाळणं वाटतं तितकं अवघड नाही, फक्त एखाद-दोन कीवर्ड घात करतात. समजा, महिन्यात जाहिरात ८,००० वेळा दिसली आणि ३२० क्लिक आले: ४ टक्के. यादी ‘इम्प्रेशन’नुसार (जाहिरात किती वेळा दिसली त्यानुसार) लावून पाहिली तर ‘टाटा हॉस्पिटल मुंबई’ या एकट्या कीवर्डवर ३,००० वेळा दिसली आणि ३० क्लिक आहेत. तो माणूस रुग्णालयाचा फोन शोधतो आहे, तुमची खोली नव्हे. तो थांबवला की उरतात ५,००० आणि २९०, म्हणजे ५.८ टक्के. महिन्याच्या २० तारखेला हा हिशेब पाहायची सवय लावा. ३० तारखेला पाहून काही करता येत नाही.

‘क्वालिटी स्कोअर’ (गुगल प्रत्येक कीवर्डला देतं ते गुण) १ किंवा २ असलेले कीवर्ड चालू ठेवता येत नाहीत. रोज हाताने पाहण्याऐवजी ‘रूल्स’मध्ये जाऊन नियम करा: क्वालिटी स्कोअर ३ पेक्षा कमी झाला की कीवर्ड थांबव, रोज एकदा. पण यंत्राने थांबवलेल्या कीवर्डची यादी महिन्यातून एकदा वाचा. ‘कॅन्सर रुग्णांसाठी जेवणाची सोय’ हा कामाचा कीवर्ड थांबला असेल, तर दोष बहुधा कीवर्डचा नाही. जेवणाबद्दल साईटवर धड पान नसतं, म्हणून गुण पडतात. पान लिहा, वेगळा ॲड ग्रुप करा, पुन्हा चालू करा.

आठवड्याला अर्धा तास पुरतो: सर्च टर्म्स वाचून नको ते शब्द निगेटिव्हमध्ये टाकणं, नवे चांगले शोध कीवर्डमध्ये घेणं, फोनच्या नोंदी तपासणं. फोन उचलणाऱ्या व्यक्तीशी महिन्यातून एकदा बोला. जाहिरातीच्या अहवालात ४० फोन दिसतात, पण त्यातले २५ जण ‘उपचार मोफत होतात का’ असं विचारत असतील तर मजकूर चुकीचं आश्वासन देतो आहे, किंवा त्या प्रश्नाचं पान लिहायची वेळ आली आहे.

बाहेरच्या माणसाला काम देताना

एजन्सीला मासिक ठरावीक मोबदला देणं ठीक. ‘मिळालेल्या ग्रँटच्या इतके टक्के’ असा करार करू नका. तिला मग खर्च वाढवण्यातच रस राहतो, आणि निरुपयोगी क्लिक वाढतात. खात्याचे ॲडमिन हक्क संस्थेच्या दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा, एजन्सीला त्यांच्या मॅनेजर खात्यातून प्रवेश द्या. टॅग मॅनेजर आणि ॲनालिटिक्सही संस्थेच्याच नावावर असू द्या.

खातं बंद पडलं तर

ईमेलमध्ये कारण दिलेलं असतं. ते पुरतं वाचा. बहुतेक वेळा कारण चारांपैकी एक असतं: दोन महिने सीटीआर कमी, कन्व्हर्जनची नोंद बंद (साईट नव्याने बांधताना टॅग पुसला गेला, हे सर्वांत नेहमीचं), एकशब्दी कीवर्ड, किंवा गुगलच्या वार्षिक सर्वेक्षणाचा ईमेल कोणी पाहिलाच नाही. तो ईमेल खात्यावर नोंदलेल्या पत्त्यावर येतो, म्हणून तो पत्ता रोज उघडला जाणारा हवा.

आधी दुरुस्ती करा, नंतरच पुन्हा सुरू करण्याचा विनंती-अर्ज भरा. उलट क्रम ठेवला की अर्ज नाकारला जातो आणि आठवडे जातात. कन्व्हर्जनचा दोष असेल तर टॅग बसवून, मोबाईलवरून चाचणी घेऊन, ॲनालिटिक्समध्ये नोंद उमटलेली पाहा. सीटीआरचा असेल तर सर्वाधिक वेळा दिसलेले आणि कमी दाबले गेलेले कीवर्ड थांबवून, अर्जात कोणते थांबवले ते नावानिशी लिहा. खातं परत सुरू झालं की तिन्ही मोहिमा एकदम चालू करू नका. आधी निवासाची मोहीम, तीही एक्झॅक्ट जुळणीच्या कीवर्डवर. दोन आठवडे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर टिकलं की पुढची.